सावाचा डावा हात

कोत्लास, १४ नोव्हेंबर १९६६

सावा,

काल तुला मरताना पाहिलं. रेल्वे क्लबात तुझा रणगाड्यांचा सिनेमा लागला होता. शेजारची फाईना सोबत होती. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, तरी तो जर्मन खिडकीतून नेम धरायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "सावा, खाली वाक रे!" सगळा क्लब हसला. मशीनवाला तिखोन वरच्या भोकातून ओरडला, "उस्तिन्या काकू, उगाच घसा कोरडा करू नका. तो मरणारच आहे, मी दुपारीच पाहिलंय." मेल्याला लाज नाही. तुझ्याच वर्गात होता ना हा?

तू छान मेलास. असं लिहू नये, पण दुसरं कसं लिहू? बेकरीतल्या माझ्याबरोबरच्या सगळ्या जणी आल्या होत्या, सगळ्या रडल्या. मी रडले नाही. मी तुझे गाल बघत होते. हाडं वर आलीत. जेवतोस कुठे? इंगा स्वयंपाक करते की दोघं नाटकाच्या कँटीनमध्येच खाता?

घरी आले तर बाबांनी विचारलं, "मेला का?" आधीच कुणीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, "मेला." "बरं झालं," म्हणाले आणि पुढ्यातलं कोबीचं सूप तसंच टाकून उठले. इंजिन चालवणाऱ्याच्या मुलाने तोंडाला रंग फासून पोट भरावं, हे त्यांच्या गळ्याखाली अजून उतरत नाही. तू अर्खांगेल्स्कला मुलांच्या नाटकात सशाचे कान लावून उड्या मारायचास, तेव्हा ते म्हणाले होते, "हा ससा माझ्या घरात नको." ते शब्द तू धरून बसलास. तेही धरून बसलेत. दोघंही एकाच लोखंडाचे आणि मध्ये मी.

लेनिनग्राडच्या एवढ्या मोठ्या कंपनीत तुला मुख्य कामं मिळतात, हे मला वाचनालयातल्या मासिकातून कळतं. तुझ्या पत्रात "मी बरा आहे" एवढंच असतं. म्हणून मी सिनेमाला जाते. तिथे तू माझ्यापासून काही लपवू शकत नाहीस.

जेवत जा.

आई

कोत्लास, २ डिसेंबर १९६८

सावा,

खनिजं शोधणाऱ्या लोकांचा तुझा सिनेमा आला. शेकोटीपाशी बसून तू गिटार वाजवतोस तो भाग फार आवडला. बोटं कशी पळत होती! गिटार कधी शिकलास, काही कळवलं नाहीस. पण तू काय काय कळवत नाहीस, ते मी आता विचारतेच. तुझ्या उजव्या हातात लग्नाची अंगठी नव्हती.

आता तू म्हणशील, आई, भूमिकेसाठी काढावी लागते. तेवढं मलाही कळतं. रणगाड्यांच्या सिनेमातही नव्हती. पण तेव्हा बोटावर अंगठीचा फिकट पट्टा होता. या वेळी बोट सगळीकडून सारखं रापलेलं. म्हणजे अंगठी उतरून एक उन्हाळा तरी गेलाय. इंगा कुठे आहे? तिने सोडलं की तू? मला भांडायचं नाही रे. नुसतं कळव. संध्याकाळी तू कुलूप उघडून रिकाम्या खोलीत शिरतोस, असं डोळ्यांपुढे येतं आणि मला घास जात नाही.

बाबा बरे आहेत. थंडी फार म्हणून घरातच असतात. बोलणं कमी झालंय, पण ते कधी बोलके होते? तिखोन अधूनमधून येऊन लाकडं फोडून देतो. आता तू विचारशील बाबा का फोडत नाहीत, तर सांगितलं ना, थंडी फार आहे.

थांबते. बाबांना भरवायची वेळ झाली. वाढायची म्हणजे.

आई

कोत्लास, १९ जानेवारी १९७०

सावेली,

आज पूर्ण नावाने हाक मारते आहे, म्हणजे समजून घे.

काल तुझा शाळामास्तरचा सिनेमा पाहिला. क्लब खचाखच भरला होता. सगळे म्हणाले, सावाने आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम. तू दारात उभा राहून एका हाताने काडी ओढतोस, पेटी हनुवटीखाली दाबून. त्यावर तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिखोन म्हणाला, "काय लकब काढलीय पठ्ठ्याने!" आज घराघरांत पोरं हनुवटीखाली पेटी धरून काड्या ओढतायत.

मी आज पुन्हा जाऊन पाहिला. या वेळी गोष्ट बघितलीच नाही. तुझा डावा हात बघितला.

तो सबंध सिनेमाभर कोटाच्या खिशात आहे. वर्गात खिशात, बर्फात खिशात. मुलगी गळ्यात पडते तेव्हा तिला तू उजव्या हाताने जवळ घेतोस आणि डावा तसाच. एकदाच बाहेर येतो, टेबलावर. तोही तू उजव्या हाताने उचलून ठेवलेला आहेस. पटकन ठेवलास, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. आणि हसताना तुझ्या ओठाचा डावा कोपरा मागे राहतो.

सावा, हा हात माझ्या घरात आहे. तो मी रोज धुते, पुसते, चादरीवर सरळ करून ठेवते. तुझ्या बाबांना अर्धांगवायू झालाय. सव्वा वर्षाच्या वर झालं. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला उजव्या हाताने बजावलं, बोटाने, नाकासमोर. मी ऐकलं.

आता नीट वाच. पहिल्या वेळी त्यांचा नुसता हात गेला होता. चहाचा ग्लास निसटला. म्हणाले, झोपेत अवघडला असेल. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. म्हणाले, एवढा डेपोतला हिवाळा काढतो, मग दाखवतो. हिवाळा निघाला, हात थोडा हलायलाही लागला, म्हणून उन्हाळाही काढला. सप्टेंबरमध्ये बागेत बटाटे काढताना दुसरा झटका आला, त्यात पाय गेला आणि वाचा गेली.

तू कितव्या हिवाळ्यात आहेस?

लगेच लिही. तारच कर.

आई

कोत्लास, २३ फेब्रुवारी १९७०

सावा,

तुझं पत्र आलं. बाबांबद्दल तू जे लिहिलंस ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, पण कागद मागून घेतला आणि उशाखाली ठेवला.

हाताबद्दल लिहितोस, "आई, तो मास्तर युद्धात जखमी झालेला होता, भूमिकाच तशी होती." मी तिखोनला विचारलं. त्याने तो सिनेमा माझ्याहून जास्त वेळा पाहिलाय. तो म्हणाला, "काकू, युद्धाचा त्यात शब्द नाही." मग हळूच म्हणाला, "त्याला काही झालंय का हो?" तोंड फाडून थट्टा करणारा माणूस असा हळू बोलला.

वाचनालयात नवं मासिक आलंय. त्यात लिहिलंय की वसंतात तुझं नवं नाटक येतंय, वेढ्यात सापडलेल्या किल्लेदाराचं, आणि पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तू रंगमंचावरून हलत नाहीस. शेजारी तुझा फोटो आहे. अंगावर मोठा झगा आहे. झगा कुणी सुचवला? डावी बाजू झाकायला बरा म्हणून ना?

तुला काय वाटतं हे मला कळत नाही असं नाही. अशी भूमिका आयुष्यात एकदा मिळते. चाळिशी आली. सोडली तर मागे रांग लागलेली असणार. पण सावा, डॉक्टरला दाखव. मला खोटं लिहिलंस, हरकत नाही. डॉक्टरला खोटं सांगू नकोस.

झोप लागत नाही मला. फाईना म्हणते, तू उगाच भिंतीवर भुतं बघतेस. देव करो आणि तिचं खरं निघो.

आई

कोत्लास, १७ एप्रिल १९७०

सावा,

दोन महिने झाले, तुझी ओळ नाही. म्हणून आज पोस्टात जाऊन नाटकगृहात फोन लावून मागितला. केवढा वेळ बाकावर बसले. मग खिडकीतली मुलगी ओरडली, "लेनिनग्राड, दोन नंबरचा फोन!" पळत गेले. तिकडून एक बाई बोलली. म्हणाली, सावेली कुझ्मिच तालमीत आहेत, मी रिम्मा, त्यांच्याबरोबर काम करते.

मी विचारलं, "त्याचा हात कसा आहे?"

ती म्हणाली, "कुठला हात?"

मी म्हटलं, "पोरी, डावा."

मग नुसती खरखर. मला वाटलं लाइन तुटली. मी दोनदा हॅलो म्हटलं. तेव्हा ती एकदम घाईघाईने, कुणी ऐकेल अशा भीतीने दबक्या आवाजात बोलली, "उस्तिन्या मिरोनोव्ना, तुम्ही या. तो आमचं कुणाचं ऐकत नाही. आम्ही सगळे त्याला सांभाळून घेतो आणि तेच चुकतंय. तुम्ही याच." आणि फोन ठेवला.

तिच्यावर चिडू नकोस. तिने जे केलं ते मी तिच्या जागी असते तर आधीच केलं असतं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. आजवर तुझं नाव काढलं की ते डोळे मिटून घ्यायचे. या वेळी मिटले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं, मग उजव्या हाताने भिंतीवर धाडधाड मारायला लागले. मी घाबरले, म्हटलं पाणी हवं, उशी हवी? मानेनेच नाही. खुंटीकडे बोट. खुंटीवर माझा कोट होता.

फाईना त्यांच्याजवळ राहायला तयार आहे. तिखोन तिकीट काढायला गेलाय. या पत्राच्या आधी मी पोहोचले तर दारात उभी असेन.

आई

लेनिनग्राड, २९ एप्रिल १९७०

सावा,

हे खालच्या खिडकीतल्या परिचारिकेकडे देते आहे. वर कुणाला सोडत नाहीत, पिशवी आणि चिठ्ठी तेवढी घेतात. पिशवीत उकडलेली अंडी आहेत आणि गव्हाची पेज, रिम्माच्या खोलीतल्या स्टोव्हवर केलेली. पेज आधी खा.

तुला भेटले तेव्हा आपण भांडलोच. म्हणून जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

मी आल्याचं कुणालाच कळू दिलं नव्हतं. तिकीट काढून वरच्या गॅलरीत बसले. पडदा वर गेला आणि तू उभा होतास. मी तुला रंगमंचावर कधीच पाहिलं नव्हतं, सावा. पडद्यावरच्या माणसापेक्षा तू केवढा मोठा दिसतोस! सुरुवातीला तर मी हात बघायचंच विसरले. शपथ. मग रिम्मा, नाटकात तुझी बायको झालेली, तुझ्याजवळ आली, तिने तुझा डावा हात उचलला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. सगळ्या सभागृहातून उसासा आला. लोकांना वाटलं, प्रेम. तिने तो गालावर दाबून धरला होता, कारण सोडला असता तर खाली पडला असता. तो शिपाई तुला तलवार उजव्याच हातात देतो. तो म्हातारा पायरीवर तुझ्या डाव्या बाजूला उभा राहतो, काठीसारखा. सगळेच तुला धरून होते आणि खाली बसलेल्यांना काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या अंकात तू "दरवाजे उघडा" म्हणायला हात वर केलास आणि शब्द आला नाही. तोंड उघडं. डोळे माझ्या ओळखीचे. तुझ्या बाबांचे बटाट्याच्या वाफ्यातले डोळे. माझ्या शेजारचा चष्मेवाला बायकोच्या कानात म्हणाला, "काय थांबतो बघ! याला म्हणतात नट." मला त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. मग रिम्मानेच म्हटलं, "दरवाजे उघडा, माझा धनी सांगतोय." आणि टाळ्या.

प्रयोगानंतर मी तुझ्या रंगपटात आले, पुढचं तुला माहीत आहे. पण मी ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा तू रागात होतास आणि मी हुंदक्यांत, आणि दोघांनीही अर्धंच ऐकलं.

तू म्हणालास, "आणखी सहाच प्रयोग, आई. मग सुट्टी आहे, मग दवाखाना."

मी म्हटलं, "बाबांचा हिवाळाही असाच होता."

तू म्हणालास, "मी इंजिन चालवत नाही! एकदा उतरलो की संपलं. लुळ्या नटाला कोण बोलावतं? मला दुसरं काय येतं? पुन्हा ससा होऊ?"

आणि मग आरशाकडे तोंड करून तू विचारलंस, "बाबा काय म्हणतात?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

मी सांगितलं की काही म्हणत नाहीत. एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे, 'चला'. तू हसलास. तुला वाटलं विनोद आहे. सावा, तहान लागली तरी ते 'चला' म्हणतात, पाठ दुखली तरी 'चला'. माझ्यावर चिडतात तेव्हाही 'चला', आणि नंतर वाईट वाटून माझ्या केसांवरून हात फिरवतात तेव्हाही तेच. तुझं पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी ते ओठ हलवून हलवून काहीतरी दुसरं शोधत होते. घामाघूम झाले. शेवटी तेच आलं. आयुष्यभर जेमतेम बोलले आणि आता बोलायचंय तर पेटीत एकच खिळा. तुझं तर सगळं पोटच शब्दांवर आहे. एवढंच मला म्हणायचं होतं.

तू म्हणालास, "बाहेर जा." मी गेले.

आज पुन्हा नाटकगृहावर आले. आज तू परत उभा राहणार आणि मी परत गॅलरीत बसून तुझा हात मोजणार, एवढंच डोक्यात. बघते तर जाहिरातीवर 'प्रयोग रद्द' अशी तिरकी पट्टी चिकटवलेली. मला वाटलं, झालं. दारवान म्हणाला, "आजी, बसा, बसा. त्याला काही झालं नाही. सकाळी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला. रिम्मा सोबत होती. जाताना झगा स्वतः घडी करून देऊन गेला."

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसून रडले. त्याने मला साखर घातलेला चहा दिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा झटका दारातच उभा होता. तो परत गेला की नाही हे त्या आजच सांगू शकत नाहीत. मी विचारलं, कधी सांगाल? त्या म्हणाल्या, बघू. त्यांच्या त्या 'बघू'वर मी रात्र काढणार आहे.

आणखी एक. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. भूमिका आर्सेनीला दिली. आजपासून तालमी सुरू झाल्या. झगा त्याला लांब होतो म्हणून खालून दुमडतायत. दिग्दर्शक मला म्हणाले, "त्याला सांगा, फक्त तात्पुरतं." मी त्यांना म्हटलं, मी माझ्या मुलाला असलं काही सांगणार नाही. कदाचित परत मिळेल, कदाचित मिळणार नाही. तुला वाईट वाटू दे. पण पडून राहा.

मी खालीच आहे. खिडकीशी येऊ नकोस, उठायचं नाही म्हणालेत.

आई

कोत्लास, ११ एप्रिल १९७१

सावा,

रंगमंचावर आता तुला घेणार नाहीत हे तू स्पष्ट लिहिलंस, बरं केलंस. ते वाचता वाचता चुलीवरचं सूप करपलं. पण कागदावर सरळ लिहिलेलं होतं, ते मला धीराचं वाटलं. रेडिओवर वाचायचं काम मिळालं हेही लिहिलंस. काल ते ऐकलं, त्याची हकिगत सांगते.

आपल्या भिंतीवरचा रेडिओ बाबांच्या खाटेच्या वरच आहे. मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. क्लबाला कधी आले नाहीत, आणि मी आधी बोलले असते तर भिंतीकडे वळले असते. मी बटाटे सोलत बसले. रेडिओवरच्या बाईने सांगितलं, "वाचत आहेत सावेली तेतेरिन." माझी सुरी थांबली. बाबा छताकडे बघत होते, तसेच राहिले.

तू वाचायला लागलास. त्या नदीवरच्या नावाड्याची गोष्ट. खोलीत तू नव्हतास आणि खोलीभर तूच होतास. मला वाटलं आता म्हणतील 'चला', म्हणजे बंद कर. त्यांनी उजवा हात वर केला, चाचपडत बटण शोधलं आणि आवाज मोठा केला.

तेवढ्यात फाईना आली. तुला ती माहीतच आहे. दारातूनच सुरू, "उस्तिन्या, अगं ऐकलंस का, दुकानात हेरिंग मासे आलेत, रांग पार कोपऱ्यापर्यंत..."

आणि बाबा म्हणाले, "गप्प!"

स्पष्ट म्हणाले, सावा. अडीच वर्षांत दुसरा शब्द. फाईना दारातच बसली, हातातली पिशवी खाली. मग डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "कुझ्मा, अरे, पुन्हा म्हण ना." त्यांनी पुन्हा म्हटलं, आणखी जोरात, कारण तू वाचत होतास. ती बिचारी आता गावभर सांगत फिरतेय की मला कुझ्माने गप्प बसवलं. तुझं वाचन संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" त्या दिवशी ते कोबीचं सूप सगळं प्यायले.

मेमध्ये नदीवरचा बर्फ गेला की येतो म्हणालास. ये. बाबांनी तुला आत घेतलंच आहे. गाडीत खालचा बाक माग, वरच्यावर चढू नकोस. सामान कुणालातरी उचलू दे, लाजू नकोस. वोलोग्दाला गाडी बदलावी लागली तर तार कर, तिखोन तिथपर्यंत येईल.

आता माझी एक अडचण ऐक. सिनेमात मी तुझे गाल बघायचे, बोटं बघायचे, चालणं बघायचे. काल कान भिंतीला लावून ऐकलं. आवाज अगदी धडधाकट आहे. पण मला काही दिसत नाही रे. वाचताना तू बसला होतास की उभा? पानं कोण उलटतं? धाप लागते का? एका जागी तू जरासा थांबलास. ते गोष्टीत होतं की तुझं होतं, हे मी रात्रभर ठरवत राहिले.

तेव्हा यापुढे तूच लिहायचं. हात किती वर जातो, जिना चढताना काय होतं, शब्द अडकतो का, सगळं. बरं असेल तर बरं, वाईट असेल तर वाईट. खोटं लिहिलंस तर मला आता कळणार नाही. पण शंका आली तरी मी कोट घालून गाडीत बसेन. फाईना तयारच आहे. तिला पुन्हा 'गप्प' ऐकायचंय.

आई